कोणाच्या बोटाला लागला

“काकू, आता डोळे उघडा,” हर्षदा म्हणाली.

मी उघडले. चेंडू केव्हाच माझ्या डोक्यावरून मागे जाऊन औदुंबराच्या पारापाशी पडला होता आणि मी नेटपुढे दोन्ही हात वर करून, तळवे जोडून उभी होते. शेजारी द्वारकाताई होत्या. त्यांनी चेंडू येताना नीट पाहिला होता आणि दारात पाहुणा आल्यावर व्हावं तशा अदबीनं त्या बाजूला झाल्या होत्या.

“याला ब्लॉक म्हणत नाहीत,” हर्षदा म्हणाली. “काकू, तुम्ही नमस्कार केलात. आणि आई, तुम्ही वाट दिलीत.”

“मग काय अंगावर घेऊ?” द्वारकाताईंनी विचारलं.

“हो.”

सहा महिन्यांच्या सुनेनं सासूला असं एका अक्षरात उत्तर दिलेलं मी आमच्या कॉलनीत पहिल्यांदाच ऐकलं. द्वारकाताईंनी पदर खोचला, बाकीच्या चौघींकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा नेटपुढे जाऊन उभ्या राहिल्या. काम तसंच निकडीचं होतं.

ही एकोणतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे हे साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होते आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. कॉलनीत क्लबचा एक हॉल होता. दर गुरुवारी चार ते सहा तिथं आमचं भजन असायचं. पेटी द्वारकाताई वाजवायच्या, मी टाळ धरायची. घरोघरी रात्रपाळीची माणसं दिवसा झोपलेली असत, त्यामुळे कोणाच्या क्वार्टरमध्ये टाळ वाजवायची सोय नव्हती. बाहेर पारावर बसावं तर गळीत हंगामात चिमणीतून काळी राख पडायची. एकदा बसलो तेव्हा ती पेटीच्या भात्यात गेली आणि पेटी आठ दिवस खोकत होती. म्हणजे हॉल गेला तर भजनही गेलं, इतका तो हिशेब साधा होता.

आणि हॉल जायच्या बेतात होता. अधिकाऱ्यांच्या बायकांचा रमीचा ग्रुप मंगळवारी तिथं बसायचा. त्या वर्षीपासून मंगळवारी दुपारची वीज जायला लागली आणि त्यांनी गुरुवार मागितला. चीफ इंजिनिअरांच्या मिसेस, प्रमिलावहिनी रणनवरे, यांनी अर्जात लिहिलं की पंख्याशिवाय बसवत नाही. द्वारकाताईंनी उलट अर्जात लिहिलं की पंख्याखाली पत्ते उडतात, तेव्हा त्यांना मंगळवारच सोयीचा आहे. दोन्ही अर्ज वेल्फेअर ऑफिसर शेवाळेसाहेबांच्या टेबलावर गेले. शेवाळेसाहेब नवीन आले होते. त्यांना एकीकडे चीफ इंजिनिअर दुखवायचे नव्हते आणि दुसरीकडे देव. मग त्यांना कपाटात व्हॉलीबॉलचं एक कोरं नेट आणि चेंडू सापडला. त्यांनी नोटीस लावली की कारखान्याच्या वर्धापनदिनाला दोन्ही मंडळांचा सामना होईल आणि जिंकेल त्या मंडळाला वर्षभर गुरुवार मिळेल. बायका लाजतील, दोन्हीकडच्या नको म्हणतील आणि भांडण आपोआप विझेल, असा त्यांचा अंदाज असावा. बायकांशी त्यांचा तेवढा परिचय नव्हता.

आमच्याकडे दहा दिवस होते. पहिल्या दिवशी आम्ही सहाजणी गोलात उभ्या राहून एकमेकींकडे चेंडू टाकत होतो, मंगळागौरीला खेळतात तसा. हर्षदा आमच्यासाठी चहाचा ट्रे घेऊन आली होती. चेंडू घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिनं ट्रे पारावर ठेवला, चेंडू उचलला, वर फेकला आणि हात फिरवला. चेंडू नेटवरून सरळ पलीकडे गेला आणि कुंपणाच्या तारेला लागून थरथरत राहिला. आम्हीही थोड्या थरथरलो.

हे कुठं शिकलीस, असं द्वारकाताईंनी विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली की युनिव्हर्सिटीकडून तीन वर्षं खेळत होते, मी ब्लॉकर होते.

“लग्न ठरवताना हे कोणी सांगितलं नाही,” द्वारकाताई म्हणाल्या.

“तुम्ही स्वयंपाक आणि शिवण विचारलंत, आई.”

तिलाच खेळवावं असं आमच्या मनात आलं, पण शेवाळेसाहेबांनी नियम केला होता की वर्षभर मंडळात असलेल्याच बायका खेळतील. हर्षदाला सहाच महिने झाले होते. म्हणून ती शिकवणार आणि आम्ही शिकणार असं ठरलं. दुपारी दोन ते चार सासू सुनेचं ऐकेल, चारनंतर सून सासूचं, अशी अट द्वारकाताईंनी घातली आणि दोघींनी ती पाळली. चारचा भोंगा झाला की द्वारकाताई धापा टाकत म्हणायच्या, “आता चहा ठेव,” आणि हर्षदा मुकाट्यानं जायची.

ब्लॉकला मला आणि द्वारकाताईंना उभं केलं. मला उंचीमुळे. मी पाच फूट आठ इंच. सासरची सगळी माणसं ठेंगणी, त्यामुळे लग्नापासून मी वाकूनच चालत आले होते. हर्षदानं पहिल्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवून मला सरळ केलं आणि म्हणाली, “काकू, एवढं सगळं कुठं लपवून ठेवलं होतंत?” द्वारकाताई उंच नव्हत्या, पण त्या पुढं उभ्या राहिल्या नाहीत तर मागून सगळ्यांना सूचना देतील, अशी हर्षदाला भीती होती.

ती शिकवायची छान. चेंडूला मारायचं नाही, म्हणायची, हात नुसते उभे करायचे. चेंडूनं येऊन आपल्याला लागायचं. बोटं पसरलेली, ताठ, अंगठे वर. हात नेटच्या पलीकडे गेले पाहिजेत आणि नेटला मात्र लागता कामा नये. हे काही केल्या आम्हाला जमेना. मग ती म्हणाली, वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी मागे सरकवायची आहे आणि पुढं काचेचे पेले मांडलेले आहेत असं समजा. ते आम्हाला लगेच कळलं. दोन दिवस सहाजणी आपापल्या क्वार्टरमध्ये मोरीच्या भिंतीपुढे उड्या मारून बरण्या सरकवत होत्या. आमच्या ह्यांनी एकदा रात्रपाळीहून येऊन पाहिलं, काही विचारलं नाही आणि झोपायला गेले.

बांगड्यांचा प्रश्न निघाला. हर्षदा म्हणाली की हातात काही चालत नाही. पाटल्या काढल्या, पण हिरव्या बांगड्या काढून भरल्या घरात मोकळ्या हातानं वावरायला एकही तयार होईना. शेवटी दवाखान्यातून बँडेज आणून सगळ्यांच्या मनगटांना बांगड्यांवरून गुंडाळलं. रस्त्यानं जाणारा मळीचा टँकर थांबवून ड्रायव्हरनं कुठं अपघात झालाय का म्हणून विचारलं.

माझी खरी अडचण वेगळी होती. हात वर गेले की डोळे मिटत. तीस वर्षांची सवय. रोज पहाटे तुळशीला पाणी, मग औदुंबराला अकरा प्रदक्षिणा, मग पोथीचा अध्याय. यातल्या कशातही हात वर करून डोळे उघडे ठेवायचा प्रसंग मला आला नव्हता. हर्षदानं समोर उभं राहून पन्नास वेळा हात वर करायला लावले आणि प्रत्येक वेळी तिनं किती बोटं धरलीत ते सांगायला लावलं. पाचव्या दिवशी डोळे उघडे राहू लागले. तर दुसरा दोष निघाला. मी चेंडूकडे बघायची.

“चेंडूकडे बघू नका,” ती म्हणाली. “चेंडू फसवतो. मारणारीचा खांदा बघा. ती उडाली की एक श्वास थांबा, मग उडा. आधी उडालात तर ती वरून बघेल तुम्ही खाली जाताना.”

मी म्हटलं, प्रमिलावहिनींचा खांदा मी कधी पाहिलाच नाही. तर ती म्हणाली, मग बघून या.

प्रमिलावहिनींचा सराव सकाळी असायचा, मी प्रदक्षिणा घालायची त्याच वेळी, आणि औदुंबर मैदानाच्या कडेलाच होता. मी प्रदक्षिणा घालत पाहू लागले. अर्ध्या फेरीत त्यांची पाठ दिसायची, अर्ध्या फेरीत मला फक्त झाड. त्या उडाल्या की नेमकी मी झाडामागे. पुढची फेरी मी जरा घाईनं घ्यायची, तर त्या चेंडू आणायला गेलेल्या. त्या दिवशी माझ्या अकराच्या त्रेचाळीस प्रदक्षिणा झाल्या. तेवढ्यात प्रमिलावहिनी घाम पुसत पाराकडे आल्या आणि म्हणाल्या, काकू, आज काय विशेष? आणि मघापासून माझ्याकडे काय बघताय?

इथं मला माझ्या एका नेमाबद्दल सांगायला हवं. त्याच्या सहा वर्षं आधी चातुर्मासात सगळ्याजणी वांगी, कांदा सोडत होत्या. मला वांगी आवडतच नव्हती, ती सोडण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून मी खोटं बोलणं सोडलं. चार महिन्यांपुरतंच. पण त्याचं उद्यापन कसं करायचं हे कोणत्याच गुरुजींना सांगता येईना, त्यामुळे ते तसंच चालू राहिलं. तेव्हापासून मला कोणी भाजी कशी झाली हे विचारत नव्हतं.

“तुमचा खांदा,” मी म्हटलं.

त्यांनी खांद्याकडे पाहिलं. मग हसल्या आणि म्हणाल्या की हो ना, बाही छान बसलीय, टेलरचं नाव लिहून देते. त्यांनी खरंच एका चिठ्ठीवर लिहून दिलं. मी घरी जाऊन देवापुढे नारळ ठेवला, कारण खोटं बोलले नव्हते तरी खरंही पुरतं पोचलं नव्हतं. पण एक गोष्ट कळली होती. स्मॅश मारायच्या आधी वहिनींचा डावा खांदा आधी खाली जायचा.

हर्षदाला सांगितलं तेव्हा तिनं मला चक्क मिठी मारली. “काकू, सामन्यात एक चेंडू जरी तुमच्या बोटाला लागला ना,” ती म्हणाली, “तरी मी समजेन मला शिकवता येतं.”

वर्धापनदिनाला सगळी कॉलनी मैदानावर होती. पुरुष मंडळी सतरंजीवर, पोरं कुंपणावर. प्रमिलावहिनींच्या सहाजणी पंजाबी ड्रेस आणि पांढरे बूट घालून आल्या. आम्ही खोचलेली लुगडी, सहावारी साड्या आणि मनगटांना बँडेज. आम्ही मैदानात उतरलो तेव्हा कोणीतरी उठून खुर्ची देऊ केली.

शिट्टी शेवाळेसाहेबांकडे होती. एकच डाव, पंधरा पॉइंटचा, आणि बायका दमतील म्हणून प्रत्येक चेंडूला पॉइंट. खेळ कसा झाला ते सगळं मला सांगता येणार नाही. आमच्या मागच्या दोघी चेंडू कमरेवर घागर घ्यावी तशा घेत होत्या आणि तो कसाबसा नेटपलीकडे जात होता. त्यांच्या दोघी एकमेकींना “तू घे, तू घे” म्हणत होत्या आणि चेंडू मधोमध पडत होता. द्वारकाताईंची सर्व्हिस चांगली जायची. पेटीच्या भात्यानं त्यांचा हात कमावलेला होता. पण ब्लॉकला आम्ही दोघी शून्य. मी डोळे उघडे ठेवले, खांदा पाहिला, श्वास धरला, उडाले, आणि चेंडू दर वेळी दुसरीकडून गेला. एकदा उशीर झाला, एकदा घाई झाली, एकदा मी अगदी वेळेवर उडाले तेव्हा वहिनींनी मारलाच नाही, नुसता ढकलला. एक चेंडू माझ्या इतक्या जवळून गेला की त्याचा वारा लागला. मी हर्षदाकडे पाहिलं. तिनं मैदानाबाहेरून, बोटं ताठ, अशी खूण केली.

चौदा-चौदा झाले.

दोन पॉइंटच्या फरकाची भानगड नको, जेवणं थांबलीत, असं शेवाळेसाहेबांनी जाहीर केलं. पुढचा पॉइंट ज्याचा, गुरुवार त्याचा. मैदान चिडीचूप झालं. आमच्या मागच्या दोघी पुटपुटत नामस्मरण करत होत्या, ते त्यांच्याही बाजूला ऐकू येत असावं, कारण प्रमिलावहिनींनीही कानाला हात लावून आकाशाकडे पाहिलं.

सर्व्हिस आमची होती. चेंडू पलीकडे गेला, त्यांनी चक्क नीट उचलला, प्रमिलावहिनींसाठी वर चढवला. वहिनी धावत आल्या. डावा खांदा खाली गेला. मी श्वास धरला. द्वारकाताई माझ्या शेजारी. त्या उडाल्या, मग मी उडाले, बोटं पसरून, अंगठे वर, डोळे उघडे. फाड असा आवाज झाला. चेंडू आमच्या हातांवरून मागे गेला, मागच्या दोघींच्या डोक्यावरून गेला आणि रेषेच्या पलीकडे दोन हात बाहेर, धुळीत पडला.

आमच्या बाजूनं ओरडा झाला. चेंडू बाहेर म्हणजे पॉइंट आमचा, गुरुवार आमचा. पण वहिनी हात वर करून सांगत होत्या की लागला, या दोघींच्या ब्लॉकला लागून गेला. तसं असेल तर पॉइंट त्यांचा. शेवाळेसाहेबांना दिसलं नव्हतं. ऐन वेळी त्यांच्या आणि नेटच्या मध्ये द्वारकाताईंचा पदर आला होता. ते बराच वेळ शिट्टी तोंडात धरून उभे राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते सरळ माझ्याकडे आले.

“शरयूकाकू,” ते म्हणाले, “तुम्ही खोटं बोलत नाही. सगळी कॉलनी जाणते. चेंडू तुमच्या हाताला लागला का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. हॉल, गुरुवार, पेटी, सगळं माझ्या एका शब्दावर होतं.

“लागला,” मी म्हटलं. आणि सगळ्यांना दिसावी म्हणून उजवी करंगळी वर धरली. “इथं लागला. या बोटाला.”

शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

त्यानंतर जे झालं ते मला अजून अवघड वाटतं. टाळ्या वाजायच्या थांबेनात. प्रमिलावहिनी नेटखालून वाकून आल्या आणि भर मैदानात माझ्या पायांना हात लावला. शेवाळेसाहेबांनी जेवणाआधी भाषण केलं आणि त्यात माझी करंगळी तीनदा आली. पुढच्या बुधवारी रमीच्या ग्रुपचं पत्र आलं की अशा बाईचं भजन बंद पाडून पत्ते खेळायला आमचं मन धजत नाही, आम्ही शुक्रवारी बसू. हॉल आमच्याकडेच राहिला.

मला मात्र त्याची शिक्षा मिळाली. कॉलनीत काहीही वाद झाला की लोक माझ्याकडे येऊ लागले. दुधात पाणी आहे का, कोणाच्या कोंबडीनं कोणाची कोथिंबीर खाल्ली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोणाची मुलगी चांगली नाचली. शरयूकाकू खरं सांगतील. मी सांगायची आणि मग दोन्ही घरांतून माझ्याशी बोलणं बंद व्हायचं.

पण सगळ्यांत आधी बोलणं बंद केलं ते द्वारकाताईंनी. सामना संपल्यावर त्या माझ्याकडे न बघताच घरी गेल्या. मला वाटलं, हॉल गेला म्हणून. पण हॉल तर आठ दिवसांत परत आला, तरी त्या गप्पच. भजनाला माझ्या शेजारी बसायच्या आणि प्रसाद मात्र तिसरीच्या हातून माझ्याकडे पाठवायच्या. पुरे तीन आठवडे. मग एका गुरुवारी आपल्या आपणच म्हणाल्या, “टाळ जरा हळू,” आणि संपलं. कारण ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं.

महिन्याभरानं हर्षदाकडे ओले हरभरे सोलत बसलो होतो. द्वारकाताई हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मनावर ओझं होतं, ते मी तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, लोक मला सत्यवचनी म्हणतात आणि मला लाज वाटते. त्या क्षणी माझ्या मनात सत्य नव्हतं, व्रत नव्हतं, हॉलसुद्धा नव्हता. दहा दिवस उड्या मारल्या, एकही चेंडू लागला नव्हता, तो शेवटचा लागला. मला इतका आनंद झाला होता की कोणी विचारतंय कधी आणि मी सांगते कधी असं झालं होतं. शेवाळेसाहेबांनी विचारलं नसतं तरी मी सांगितलं असतं. मी खरं बोलले नाही गं, मी मिरवलं.

हर्षदा हसेल असं वाटलं होतं. ती हरभरे सोलत राहिली.

“काकू,” ती म्हणाली, “तुम्हाला लागला नव्हता.”

मी करंगळी तिच्यापुढे धरली.

“मी तुमच्याच बाजूला उभी होते. चेंडू तुमच्यापासून वीतभर लांबून गेला. तुमची करंगळी आईंच्या करंगळीवर आपटली, ती तुम्हाला लागली.”

मग तेव्हा बोलली का नाहीस, असं मी विचारलं. त्यावर ती म्हणाली की तुमचा चेहरा बघितला आणि तोंडच उघडलं नाही. युनिव्हर्सिटीत पदकं मिळाली तेव्हा मीसुद्धा इतकी खूश झाले नव्हते.

त्या रात्री मी पोथी उघडली आणि एक अक्षर वाचवेना. सहा वर्षांत एकच खोटं बोलले, तेही नकळत, आणि नेमकं त्यासाठीच लोक माझ्या पाया पडले होते. आता खरं सांगावं, तर काय सांगणार? की चेंडू लागलाच नव्हता, म्हणजे सामना आम्हीच जिंकलो होतो, तेव्हा प्रमिलावहिनींनी उदार होऊन दिलेला हॉल मुळात आमचाच होता? खरं बोलायला गेलं की ते फुशारकीसारखं ऐकू यायचं. गप्प बसावं तर लोक पाया पडायचे. शेवटी मी वर्षभर साखर सोडली. साखर कारखान्याच्या कॉलनीत ते किती कठीण आहे हे तिथं राहिलेल्यालाच कळेल. आणि गप्प राहिले. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. देवाला ती पटली की नाही हे त्यानं अजून कळवलेलं नाही.

मग हे निवृत्त झाले, कॉलनी सुटली, सगळे पांगले. गेल्या मार्गशीर्षात मी सांगलीला गेले होते, तेव्हा द्वारकाताईंना भेटायला गेले. त्या त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघे गेलेत, कान बरे आहेत. हर्षदा आता शाळेच्या मुलींना खेळ शिकवते. तिनंच दार उघडलं आणि चहा ठेवायला आत गेली.

इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हटलं, ताई, मरायच्या आधी एक सांगायचंय. आणि सांगितलं. मिरवलं ते सांगितलं, करंगळीचं सांगितलं, साखरेचंही सांगितलं. म्हटलं, चेंडू लागला नव्हता, आपण जिंकलो होतो, माझ्यामुळे हरलो.

द्वारकाताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

“लागला होता,” त्या म्हणाल्या.

“नाही हो, हर्षदानं पाहिलं.”

“तिला काय दिसणार, मध्ये तू ताडासारखी उभी. मला लागला होता.” त्यांनी डाव्या हाताचा तळवा पुढं करून अंगठ्याखालची जागा दाखवली. “इथं. चांगला फाडकन लागला. दोन दिवस लाल होतं.”

मग मी विचारलं की तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत?

“हॉल गेला असता. शेवाळेनं विचारलं तुला. तुझ्या हाताला लागलाय का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, बरं झालं, हिला लागलेला नाही, ही खरं तेच सांगेल, हॉल राहील आणि पाप कोणालाच नाही.” त्यांनी तळवा मागे घेतला. “तर तू बोट नाचवायला लागलीस.”

“म्हणून तुम्ही तीन आठवडे बोलत नव्हता? माझ्यामुळे हरलो म्हणून?”

“हरलो त्याचं काय घेऊन बसलीस,” द्वारकाताई म्हणाल्या. “चोपन्न वर्षांची होते मी. लुगडं खोचून दहा दिवस उड्या मारल्या, सुनेची बोलणी खाल्ली. जन्मात एक ब्लॉक लागला, आणि सगळ्या कॉलनीदेखत तो तू तुझ्या नावावर केलास. मी कुठल्या तोंडानं म्हणणार की माझा आहे? म्हटलं असतं तर विचारलं नसतं का कोणी, मग मघाशी गप्प का होता म्हणून?”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, “ताई, ब्लॉक तुमचाच होता.”

“माझाच होता.”

“हो. मी मध्ये आले.”

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत कपांचा आवाज येत होता.

“असं पुटपुटू नकोस,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं सांग. ती आत आहे.”

जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या घरात बसून आवाज चढवला.